नॅशनल फॉरेस्टमध्ये गाडी घालण्याआधी: कोणता रस्ता खुला, कुणाला आणि कधी

जंगलात कच्चा रस्ता दिसतो. गेट नाही, 'बंद' अशी पाटी नाही, टायरच्या खुणा ताज्या आहेत. मग गाडी घालायला काय हरकत आहे? अमेरिकेतल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये माझ्या ओळखीच्या ज्यांना ज्यांना दंडाची पावती मिळाली, त्या सगळ्यांनी हाच हिशेब केला होता. त्यात मीही आलो.

हा हिशेब चुकतो, कारण इथला नियम उलटा आहे. बंद म्हटलेलं नाही म्हणून रस्ता खुला होत नाही. नकाशावर खुला दाखवलाय तेवढाच खुला. २००५ च्या ट्रॅव्हल मॅनेजमेंट नियमानुसार कोणता रस्ता किंवा ट्रेल, कोणत्या प्रकारच्या वाहनाला, वर्षाच्या कोणत्या काळात खुली, हे ठरवून प्रत्येक फॉरेस्टने छापायचं असतं. जे छापलेलं नाही ते बंद. 'पाटीच नव्हती हो' हे रेंजरला सांगून उपयोग होत नाही. पाटी कुणीतरी उपटून नेली असेल, बर्फाखाली गाडली गेली असेल किंवा कधी लावलेलीच नसेल. नकाशा पाहून जाणं हे चालवणाऱ्याचं काम धरलंय.

पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. नवी जीप घेतलेले लोक टायर, गाडी उंच करायचं लिफ्ट किट आणि अडकलेली गाडी दोराने ओढणारं विंच यांपासून सुरुवात करतात आणि नकाशा शेवटी, ट्रेलच्या तोंडाशी उभं राहून, सिग्नल नसलेल्या फोनवर शोधतात.

## १. जमीन कुणाची आहे ते शोधा

'सरकारी जंगल' म्हणून आपण जे एका पिशवीत टाकतो, त्यात निदान चार मालक असतात. नॅशनल फॉरेस्ट शेती खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे. नॅशनल पार्क आणि बीएलएम म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, हे दोन्ही गृहखात्यासारखं नाव असलेल्या इंटिरिअर खात्याकडे, पण त्यांचे नियम एकमेकांपासून वेगळे. स्टेट फॉरेस्ट त्या त्या राज्याचं. या लेखातला नकाशा फक्त पहिल्या मालकाचा आहे. बीएलएमचे नकाशे वेगळे, पार्कचे वेगळे.

युटातलं मोॲब हे याचं चांगलं उदाहरण. गावाभोवती बीएलएमची जमीन, शेजारी आर्चेस नॅशनल पार्क, अधूनमधून राज्याचे तुकडे आणि ला साल डोंगरांवर चढलात की मँटी-ला साल नॅशनल फॉरेस्ट. सकाळी एका मालकाच्या जमिनीवर चाललेली साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीट असलेली कच्च्या वाटेवरची छोटी चारचाकी) दुपारी दुसऱ्याच्या गेटातून आत जाईल असं धरून चालू नका.

फॉरेस्टच्या आतही एक कडक रेघ असते: विल्डरनेस. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याने तिथे मोटार तर नाहीच, साधी सायकलही चालत नाही. या हद्दीवर कुंपण नसतं. एखाद्या झाडावर लाकडी फळी ठोकलेली असते, एवढंच. शिवाय फॉरेस्टच्या पोटात खासगी जमिनीचे तुकडे असतात. रस्ता फॉरेस्टचा असला तरी दोन्ही बाजूंची कुरणं कुणाच्या तरी मालकीची असू शकतात.

तपासा: जमिनीची मालकी दाखवणारा थर असलेल्या अ‍ॅपवर पूर्ण मार्ग बोटाने फिरवून पाहा. रंग जिथे बदलतो तिथे नियमही बदलतात. प्रत्येक रंगाच्या कार्यालयाचं नाव कागदावर लिहून घ्या.

## २. योग्य नकाशा मिळवा

त्याचं नाव मोटर व्हेइकल यूज मॅप, बोलताना एमव्हीयूएम. फुकट मिळतो. रेंजर स्टेशनवर कागदी प्रत असते आणि फॉरेस्टच्या संकेतस्थळावर पीडीएफ. मोठ्या फॉरेस्टचे रेंजर डिस्ट्रिक्टप्रमाणे वेगवेगळे कागद असतात, म्हणून आपल्या मार्गावर किती डिस्ट्रिक्ट लागतात ते आधी मोजा. अव्हेंझासारख्या अ‍ॅपमध्ये हाच नकाशा उतरवून घेतला तर सिग्नल नसतानाही आपण कुठे आहोत तो निळा ठिपका त्यावर दिसतो.

पहिल्यांदा बघाल तर निराश व्हाल. काळा-पांढरा, कुरूप, उंचीच्या रेषा नाहीत, ओढे-टेकड्यांची नावं जेमतेम. तो वाट शोधायला बनवलेलाच नाही, कायदा सांगायला बनवलाय. त्यामुळे दोन नकाशे लागतात: कायद्यासाठी हा आणि डोंगर-दऱ्यांसाठी उंचीच्या रेषा असलेला दुसरा.

आता माझी पावती. ट्रेल अ‍ॅपवर एक वळण घेणारा लाकूडतोडीचा जुना रस्ता छान ठळक दिसत होता. तोंडाशी एक ओंडका आडवा टाकलेला, पण त्याला वळसा घालून गेलेल्या चाकांच्या खुणा होत्या. मीही वळसा घातला. पलीकडच्या टोकाला रेंजर उभा. त्याने माझ्या फोनकडे बघितलंसुद्धा नाही. आपल्या ट्रकच्या बॉनेटवर काळा-पांढरा कागद पसरला, दोन कोपऱ्यांवर हातमोजे ठेवले आणि म्हणाला, "यात दाखवा." दाखवण्यासारखं काही नव्हतं. तो रस्ता कागदावरून कधीच काढून टाकला होता.

सावध: गूगलच्या नकाशावर आणि ट्रेल अ‍ॅप्सवर मोडीत काढलेले रस्तेही दिसतात. आडवा ओंडका, मोठे दगड, मातीचा बंधारा किंवा नांगरून टाकलेली जमीन दिसली तर ती नैसर्गिक नसते. मुद्दाम केलेली असते.

तपासा: नकाशावरचं वर्ष. हे नकाशे नव्याने निघत राहतात. मित्राने तीन वर्षांपूर्वी दिलेली पीडीएफ मोडीत काढा.

## ३. नकाशा वाचा, घाई न करता

हे काम घरी, टेबलावर, पेन्सिल घेऊन करायचं. तासभर लागतो आणि सगळ्यात जास्त चुका याच तासात वाचतात.

आधी खुणांचा तक्ता. रेघेच्या प्रत्येक प्रकाराला कायद्याचा एक अर्थ असतो. सर्वसाधारणपणे हे प्रकार दिसतील: फक्त हायवे-लीगल (सार्वजनिक रस्त्यावर चालवायची परवानगी असलेल्या) वाहनांना खुले रस्ते, सर्व वाहनांना खुले रस्ते, सर्व वाहनांना खुल्या ट्रेल्स, ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांच्या ट्रेल्स आणि फक्त मोटारसायकलच्या ट्रेल्स. काही फॉरेस्टमध्ये खास प्रकार जोडलेले असतात, उदाहरणार्थ ६० किंवा ६४ इंचांपर्यंतची रुंदी. 'रस्ता' आणि 'ट्रेल' हे इथे कायद्याचे शब्द आहेत, रस्त्याच्या दर्जाचे नाहीत. खडकांतून उड्या मारत जाणारा 'रस्ता' असू शकतो आणि गुळगुळीत मातीची 'ट्रेल'.

मग आपल्या मार्गाचा प्रत्येक तुकडा क्रमांकाने लिहून काढा. नावांवर विसंबू नका, कारण गावकरी एक नाव घेतात, अ‍ॅप दुसरं आणि नकाशावर फक्त क्रमांक असतो. दक्षिण कॅलिफोर्नियात बिग बेअरजवळ हॉलकम्ब व्हॅलीच्या रस्त्याचा क्रमांक ३ एन १६ आहे. प्रत्यक्ष वाटेवर तपकिरी लवचिक खांबावर तोच तेवढा दिसतो. खांबावर अंक उभे, एकाखाली एक लिहिलेले असले तर तो रस्ता साध्या गाडीला चालेल असा ठेवलेला नाही, जमिनीपासून उंच असलेली गाडी हवी असं समजावं. आडवे लिहिलेले असले तर बहुधा साधी गाडी चालते. ही बारीक खूण कुणी सांगत नाही, पण अंधार पडायला आला असताना फार कामाची आहे.

तिसरं काम तारखांचं. रेघेजवळ मोसमी निर्बंधाची खूण असेल तर नकाशाच्या कडेला किंवा मागे तक्ता असतो. त्यात आपला क्रमांक शोधायचा, त्यासमोर वाहनाचा प्रकार आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते वाचायचं. इथे खास आपल्या लोकांचा घोटाळा होतो: तारखा अमेरिकी पद्धतीने, आधी महिना मग दिवस अशा असतात. ०५/०१ म्हणजे १ मे, ५ जानेवारी नव्हे. इथे पंधरा वर्षं काढलेल्या माणसानेही घाईत ०४/०६ हे ४ जून वाचलेलं मी पाहिलंय, आणि तो सॉफ्टवेअरमधला होता.

चौथं: काही रस्त्यांच्या कडेने ठिपक्यांची ओळ असते. तिथे मुक्कामासाठी रस्त्यापासून ठरावीक अंतरापर्यंत, बऱ्याचदा ३०० फूट, गाडी आत नेता येते. ठिपके नसतील तर नाही. याकडे नवव्या टप्प्यात परत येऊ.

तपासा: तुमच्या कागदावर आता चार रकाने भरलेले हवेत: क्रमांक, रस्ता की ट्रेल, कोणत्या वाहनाला, कोणत्या तारखांना. एकही रकाना रिकामा असेल तर तो तुकडा मार्गातून काढा किंवा फोन करून विचारा.

बर्फावरच्या स्नोमोबाइलसाठी हा नकाशा लागू नाही. त्याचा वेगळा असतो.

## ४. तुमचं वाहन कोणत्या वर्गात बसतं ते ठरवा

इथे लोक आपल्या गाडीकडे प्रेमाने बघतात, टेप लावून बघत नाहीत.

नंबर प्लेट असलेली जीप, ट्रक, एसयूव्ही. ही हायवे-लीगल. रस्त्यांवर आणि 'सर्व वाहनांना खुल्या' ट्रेल्सवर कायद्याने चालते. ५० इंचांच्या ट्रेलवर कधीच नाही, मग वाट कितीही रुंद दिसो.

एटीव्ही (हँडलने चालवायची चार चाकांची छोटी गाडी) आणि डर्ट बाईक. प्लेट नसेल तर हायवे-लीगल रस्ता बंद. सगळ्यात जास्त फसवणारी जागा हीच. दोन सुंदर ट्रेल्सच्या मध्ये अर्धा मैल खडीचा रस्ता लागतो, तो फक्त हायवे-लीगल वाहनांचा असतो आणि लोक 'एवढंसंच तर आहे' म्हणत पलीकडे जातात. त्या अर्ध्या मैलावर गाडी ट्रेलरवर चढवून नेणं हाच उपाय, नाहीतर मार्ग बदला.

साइड-बाय-साइड. टेप घ्या. एका बाजूच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. माहितीपत्रकातला आकडा कारखान्यातल्या टायरचा असतो. रुंद टायर किंवा स्पेसर लावले की तो खोटा ठरतो. आजच्या कित्येक साइड-बाय-साइड ६० इंचांच्या पुढे आहेत, म्हणजे ५० इंचांची ट्रेल त्यांची नाही. काही ट्रेल्सच्या तोंडाशी दोन खांब ठोकून तेवढीच फट ठेवलेली असते. त्यातून गाडी तिरकी करून काढणारे महाभाग असतात, तुम्ही त्यांच्यात नको.

एका राज्यात प्लेट मिळालेली साइड-बाय-साइड दुसऱ्या राज्यात हायवे-लीगल धरली जाईलच असं नाही. हद्द ओलांडणार असाल तर हे वेगळं विचारा.

ई-बाईक. फॉरेस्ट सर्व्हिसच्या लेखी हे मोटार वाहन आहे. पायी आणि सायकलसाठी राखलेल्या ट्रेलवर, ई-बाईकला वेगळी परवानगी दिलेली नसेल तर, ती न्यायची नाही.

भाड्याची एसयूव्ही. आई-बाबा भारतातून आले, सात जणांची गाडी भाड्याने घेतली, 'फोर बाय फोर आहे की' म्हणून जंगलात घातली. हे दरवर्षी ऐकतो. करारपत्रात डांबरी किंवा देखभाल होत असलेला रस्ता सोडायचा नाही असं कलम जवळजवळ नेहमी असतं. फॉरेस्टचा कायदा पाळलात तरी विमा गेला. मग दगडाने तेलाची टाकी फुटली तर ओढून आणायचा सगळा खर्च तुमचा, आणि जंगलातून गाडी ओढून आणणं हजारांच्या घरात जातं. शिवाय या गाड्या बहुतेक ऑल-व्हील ड्राइव्ह असतात. त्यांना लो रेंज गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) नसतो आणि पोटही जमिनीला टेकलेलं. उभे अंक लिहिलेल्या खांबापाशीच त्यांचा प्रवास संपवावा.

## ५. राज्याचे कागद

जमीन केंद्राची असली तरी वाहनाची नोंदणी, वय, हेल्मेट आणि परवाना यांत राज्याचा कायदा चालतो. दोन राज्यांत एकसारखं काही मिळेल ही आशा सोडा. कोलोरॅडोत ओएचव्हीचं (म्हणजे एटीव्ही, डर्ट बाईकसारख्या कच्च्या वाटेवरच्या वाहनांचं) परमिट बाहेरून आलेल्यांनाही घ्यावं लागतं. युटात ओएचव्ही चालवायची तर आधी ऑनलाइन शिक्षणक्रम पुरा करावा लागतो. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्या मुलांना एटीव्ही चालवायला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र किंवा ते असलेल्या मोठ्या माणसाची देखरेख लागते. निघण्याआधी राज्याच्या पार्क खात्याचं पान वाचा, पावती छापून घ्या.

मोठा गट असेल तर आणखी एक कागद. ७५ किंवा जास्त माणसं एका कार्यक्रमासाठी नॅशनल फॉरेस्टमध्ये जमणार असतील तर पैसे घेत नसलात तरी गटाचा परवाना लागतो. सहभागाचे पैसे घेत असाल तर माणसं किती यापेक्षा ते पैसे महत्त्वाचे ठरतात आणि वेगळा परवाना लागू शकतो. मंडळाची सहल ठरवणाऱ्यांनी हे तिकिटं विकण्याआधी विचारावं.

## ६. आदल्या दिवशी: आदेश, आग आणि चिखल

छापील नकाशा काहीही म्हणो, तात्पुरता बंदीचा आदेश त्याच्या वर असतो. वणवा, वाहून गेलेला पूल, पक्ष्यांची वीण, लाकूडतोड. फॉरेस्टच्या संकेतस्थळावर सूचनांचं पान असतं. तिथे आदेशाचा क्रमांक, तारखा आणि सोबत बंद भागाचा नकाशा मिळतो. तो नकाशा उघडा. मथळा वाचून 'हे आपल्या बाजूला नसेल' म्हणणं हीच चूक.

आगीचे निर्बंध टप्प्यांनी येतात. स्टेज वनला चूल आणि सिगरेटवर मर्यादा येतात. स्टेज टू लागलं की वाळक्या गवतावर गाडी उभी करणंही आदेशात मोडू शकतं. कारण साधं आहे: गाडीखालच्या धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शेकडो अंशांना तापतो आणि उंच गवत थेट त्याला टेकतं.

चिखलाचं बंधन नेहमी आदेशात लिहिलेलं नसतं. बर्फ वितळल्यावर वरचा थर मऊ आणि खाली अजून गोठलेला असतो, पाणी मुरायला जागा नसते. उतरून चालून बघा. बूट घोट्यापर्यंत रुततोय, मागे वळून पाहिलं तर खोल चर दिसतेय, तर परत फिरा. ती चर उन्हाळ्यात सिमेंटसारखी वाळते, तिच्यातून पाणी वाहायला लागतं, पुढचा माणूस तिला टाळायला बाजूने जातो आणि वाट दुप्पट रुंद होते. जमिनीचं नुकसान होईल असं वाहन चालवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, खुल्या ट्रेलवरसुद्धा.

तपासा: रेंजर डिस्ट्रिक्टला फोन करा, पण 'ट्रेल कशी आहे?' असं विचारू नका. 'चांगली आहे' एवढंच उत्तर येईल. असं विचारा: अमुक क्रमांकाचं गेट उघडलंय का? वर बर्फ किती उंचीपर्यंत आहे? झाडं पडलेली काढली का? ओढ्याला पाणी किती? फोन उचलणारा माणूस बहुधा कालच तिथून आलेला असतो आणि नेमकं विचारलं की नेमकं सांगतो.

## ७. गाडीची तयारी

गाडीवर लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल, म्हणून नियमांना लागून असलेलंच सांगतो.

एटीव्ही, डर्ट बाईक आणि साइड-बाय-साइडच्या सायलेन्सरवर स्पार्क अरेस्टर हवा. धुरातून उडणारी ठिणगी तो अडवतो. फॉरेस्ट सर्व्हिसची मान्यता असल्याचा ठसा सायलेन्सरवर कोरलेला असतो. वाकून, बोटाने माती पुसून तो वाचा. बाजारातला झकपक सायलेन्सर बसवताना हाच भाग काढून टाकलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. आवाजाची मर्यादाही असते. कॅलिफोर्नियात १९८६ पासून बनलेल्या डर्ट बाईकसारख्या वाहनांना ९६ डेसिबल. ब्रेक चालू हवेत. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत पुढचे-मागचे दिवे लागतात.

टायरमधली हवा कमी करा: डांबरावर ३५ पीएसआय असेल तर खडीवर आणि खडकांवर १८ ते २०. पकड वाढते, वाट कमी उखडते, पाठही वाचते. १५ च्या खाली गेलात तर टायर रिमवरून निसटू शकतो. परत भरायचा कंप्रेसर सोबत नसेल तर हवा काढूच नका.

सावध: अडकलेली गाडी ओढताना दोर कधीही ट्रेलर ओढायच्या हिच बॉलला अडकवू नका. ताणाखाली तो बॉल तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो आणि माणसं मेली आहेत. चासीला जोडलेला, ओढण्यासाठीच दिलेला हुक वापरा. विंचचा दोर झाडाला थेट गुंडाळू नका. रुंद पट्टा लावा, नाहीतर साल सोलली जाते.

लो रेंजमध्ये पेट्रोल भराभर जातं, मैलांच्या हिशेबावर भरवसा ठेवू नका. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र घ्या. घरी एका माणसाकडे क्रमांकांचा तो कागद आणि परतीची वेळ देऊन ठेवा.

## ८. ट्रेलवर

प्रत्येक फाट्यावर थांबा. खांबावरचा क्रमांक आणि तुमच्या कागदावरचा क्रमांक जुळतो का पाहा. खांब नसेल तर निळा ठिपका पाहा. दोन्ही जुळत नसतील तर जिथपर्यंत खात्री होती तिथपर्यंत मागे या. पुढे जाऊन 'कळेलच' हा विचार नको.

चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. उतरणाऱ्याने मागे घ्यायचं, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा सुटणं अवघड. पायी चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार यांना मोटारवाल्याने वाट द्यायची. घोडा समोर आला तर बाजूला थांबून इंजिन बंद करा, हेल्मेट काढा आणि स्वाराशी मोठ्याने दोन शब्द बोला. माणसाचा आवाज ऐकला की जनावर शांत होतं. समोरून बाईकचा ताफा येत असेल तर पहिला स्वार बोटं दाखवतो: मागे तितके अजून आहेत. बंद मूठ म्हणजे तो शेवटचा. ही खूण न कळल्याने वळणावर धडका होतात.

गेट जसं सापडलं तसंच सोडा. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. या जंगलांत गुरं चरायला सोडलेली असतात. उघडं गेट सौजन्य म्हणून लावून घेतलं तर ती पाण्यापासून तुटू शकतात.

डबकं लागलं तर वळसा घालू नका, मधून जा. मधून जाण्याइतका धीर होत नसेल तर परत फिरा. ओढा फक्त वाटेवरच्या नेमून दिलेल्या जागीच ओलांडायचा, आणि आधी पायी.

## ९. मुक्काम

ठिपक्यांची ओळ असलेल्या रस्त्यावर गाडी आत न्यायची ती आधीच्या चाकांनी तयार झालेल्या वाटेने, आधीच वापरलेल्या जागेत. ठिपके नसतील तिथे गाडी रस्त्याच्या कडेला, रहदारीला अडथळा होणार नाही अशी. पुष्कळ नकाशांवर एका गाडीच्या लांबीएवढं अंतर दिलेलं असतं. तंबू घेऊन पायी हवं तितकं आत जा. एका जागी किती रात्री, याची मर्यादा असते. बऱ्याच ठिकाणी १४ दिवस.

कॅलिफोर्नियात उघड्यावर गॅसची शेगडी पेटवायलाही कॅम्पफायर परमिट लागतं. ते ऑनलाइन, फुकट, दहा मिनिटांत मिळतं. तरी लोकांकडे नसतं.

संडासासाठी पाण्यापासून २०० फूट लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा. कागद परत आणायचा.

## १०. अडवलं तर, आणि परत आल्यावर

इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर, विचारतील ते कागद द्या. नकाशा मागितला तर काळा-पांढरा काढा, अ‍ॅप नव्हे. चूक झाली असेल तर वाद तिथे घालू नका. पावतीवरच दोन वाटा दिलेल्या असतात: दंड भरा किंवा फेडरल कोर्टात उभे राहा. हे राज्याच्या वाहतूक कोर्टाचं प्रकरण नाही, म्हणून 'स्पीडिंगचं तिकीट आहे, बघू नंतर' असं करून ड्रॉवरमध्ये टाकू नका. नियमभंगाची कमाल शिक्षा ५,००० डॉलर दंड आणि सहा महिने कैद अशी आहे. साध्या चुकीला इतकं होत नाही, पण बोलावलं असताना कोर्टात हजर न राहिल्यास वॉरंट निघू शकतं.

परत आल्यावर त्याच दिवशी, डांबरी रस्त्यावर लांब जाण्याआधी, टायरमध्ये हवा भरा. चाकांचे नट पुन्हा आवळून पाहा. चासीच्या खाचांमध्ये आणि मडगार्डमध्ये बसलेली माती धुऊन काढा, पुढच्या जंगलात जाण्यापूर्वी नक्की, कारण तणांचं बी याच चिखलातून एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातं. रेडिएटरसमोरची जाळी साफ करा. वाटेत पडलेलं झाड किंवा उपटलेला खांब दिसला असेल तर क्रमांकासह रेंजर डिस्ट्रिक्टला कळवा. मी दोनदा कळवलं, एकदा पुढच्या आठवड्यात झाड हललेलं होतं.